उघडा वर्ग आणि बंद वर्ग

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे, कामाचे कंटाळवाणे बोलू नये, असा आपल्याकडचा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. कारण असे की, पुढच्या महिन्यात कार्यकारिणीपुढे एक सूचना यावयाची आहे. २०२०च्या टाळेबंदीत आपण बालवाडीच्या शिक्षिकांसाठी फोनवर जो वर्ग सुरू केला, तो आता सर्वांना खुला करावा, ज्या बाईला शिकावेसे वाटेल तिने नाव घालावे आणि शिकावे, अशी ती सूचना. मांडणाऱ्या भगिनींचा हेतू उदार आहे, आणि माझा त्याला विरोध नाही. परंतु हा वर्ग पहिल्या दिवसापासून मी सांभाळते. शिवाय मधली दोन वर्षे बालशिक्षणाच्या एका मोठ्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात चर्चा सांभाळण्याचे काम मी हौसेने, बिनपगारी केले आहे. दोन्ही कामांना मॉडरेटरचे काम असेच म्हणतात. ती दोन्ही एक नव्हेत, एवढेच सांगायला मी उभी आहे.

देवळातले कीर्तन आणि आपली भिशी यांत जो फरक, तोच येथे आहे. कीर्तनाला कोणीही येते, मध्येच उठून जाते. बुवा कोणाला विचारीत नाहीत की काल का आला नाहीत. भिशीला मात्र बारा जणींपैकी एक आली नाही, तर अकराजणी विचारतात, "अगं, ती बरी आहे ना?"

हे दोन्ही प्रकार एका छपराखाली नांदल्याचे एक उदाहरण आहे. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या वतीने जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स या दोघांनी एक अभ्यासक्रम चालविला. फी भरून, गुणांसाठी शिकणारे विद्यार्थी होते सुमारे २५. त्यांनी दार उघडे ठेवले, आणि फुकट शिकायला आले सुमारे २,२०० लोक! 'मूक' हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव याच अभ्यासक्रमावरून पडले. (मराठीत मूक म्हणजे मुका, आणि त्या वर्गांतले बहुतेक लोक खरोखरच काही बोलत नाहीत, हा योगायोग मला फार गमतीचा वाटतो.) त्या गुरुजींनी केले काय? २५ जणांचे निबंध त्यांनी स्वतः तपासले. बाकीच्यांचे तपासण्याचा प्रश्नच नव्हता. त्या लोकांनी आपापल्या जागी लिहावे, आणि त्यातले निवडक एकत्र करून रोज एक पत्रक सर्वांना धाडावे, अशी व्यवस्था केली. म्हणजे एका वर्गाला त्यांनी शिक्षक दिला, दुसऱ्याला व्यवस्था दिली. माझ्या मते सगळे मर्म येथेच आहे.

पुढे आकडे फार फुगले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २०१२ साली विद्युत्‌मंडलांचा पहिला खुला अभ्यासक्रम दिला, त्यात सुमारे १,५५,००० लोकांनी नावे घातली आणि उत्तीर्ण झाले ७,१५७. हे ऐकून कोणी नाक मुरडतात. मी मुरडत नाही. किती जण नुसते डोकावून पाहायला आले असतील! आणि सात हजार विद्यार्थी उत्तीर्ण करायला एखाद्या मास्तरांची सारी हयात पुरायची नाही. खुल्या वर्गात गप्प बसणे आणि निघून जाणे हा येणाऱ्याचा हक्कच असतो.

म्हणून तेथे चर्चा सांभाळणारीने प्रत्येकीला उत्तर द्यायला धावू नये. मी पहिल्या आठवड्यात धावले आणि दमले. मग अनुभवी सोबतिणींनी शिकविले : प्रत्येक आठवड्याची चर्चा वेगळी ठेवावी, एकच प्रश्न दहादा आला तर दहाही एका ठिकाणी नेऊन ठेवावेत, नियम दोन-तीन ओळींचे आणि सर्वांत वर असावेत, आणि ज्या तीन-चार जणी आपण होऊन इतरांना समजावून सांगतात त्यांना हेरून जपावे. आपण उत्तर देण्याची घाई केली तर त्या गप्प होतात. शिवीगाळ, जाहिरात तेवढी तत्काळ काढावी. हे काम पंगतीच्या व्यवस्थेचे आहे. प्रत्येक पानापाशी बसून आग्रह करण्याचे नव्हे.

तथापि एक गोष्ट अद्याप मनातून जात नाही. त्या अभ्यासक्रमाची चर्चा इंग्रजीत चाले. तीत एके दिवशी एका बाईने मराठीत प्रश्न लिहिला होता. तिच्या बालवाडीत एक मूल घरी बोलते पण शाळेत एक अक्षर बोलत नाही, काय करावे? शेकडो मजकुरांखाली तो प्रश्न दबला. मला तो दिसला तो अकरा दिवसांनी. मी लांबलचक उत्तर लिहिले, पण ती पुन्हा आली नाही. नियमाने माझी चूक काहीच नव्हती. तेथे अकरा दिवस म्हणजे काही फार नव्हेत. पण तीच बाई आपल्या २८ जणींच्या वर्गात असती, तर त्याच संध्याकाळी तिला उत्तर मिळाले असते.

आता आपल्या वर्गाकडे वळते. बंद वर्गाविषयी गिली सॅमन या विदुषींचे पुस्तक २००० साली निघाले. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठात त्यांनी जे पाहिले त्यावरून त्यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी, शिकणारीला आत येता येणे आणि यावेसे वाटणे. दुसरी, परस्परांची ओळख. मग माहितीची देवघेव, मग मिळून विचार, आणि शेवटी स्वतःच्या पायावर उभे राहणे. आपण पहिल्या दोन पायऱ्या क्षुल्लक समजतो आणि एकदम धड्याला हात घालतो. मीही घातला होता. तीन आठवडे एक बाई काही लिहीना. खुल्या वर्गात मी तिकडे लक्षही दिले नसते. येथे फोन केला. कळले की घरात फोन एकच, आणि तो संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाला लागतो. वर्गाची वेळ रात्री नऊनंतर नेली, टंकण्याऐवजी बोलून निरोप ठेवण्याची मुभा दिली. त्या बाई नंतर इतक्या बोलू लागल्या की, कधी कधी त्यांना आवरावे लागे!

पण बंद वर्ग म्हणजे सारे गोड, असे मात्र नाही. तेथे माणसे एकमेकींची भीड धरतात. मुलांच्या हाती पेन्सिल केव्हा द्यावी याविषयी मी एकदा माझे मत लिहिले. सर्वांनी होकार भरला. पुढे समक्ष भेटीत एकीने सांगितले, "बाई, आम्हांला कोणालाच ते पटले नव्हते, पण तुम्ही म्हणालात म्हणजे झाले." हे ऐकून मला लाज वाटली. खुल्या वर्गात कोणी अनोळखी बाईने माझे मत दोन वाक्यांत उडवून लावले असते, आणि तेच बरे झाले असते. तेव्हापासून मी माझे मत सर्वांच्या शेवटी लिहिते, किंवा लिहीतच नाही.

या भिडेची दुसरी बाजू म्हणजे विश्वास. चार भिंतींच्या आत म्हणून आपल्या भगिनींनी या वर्गात पुष्कळ लिहिले आहे. मानधन थकल्याचे लिहिले, घरच्या विरोधाचे लिहिले, एखाद्या मुलावर हात उगारला गेला आणि नंतर रात्रभर झोप आली नाही, हेही लिहिले. सूचनेत असे एक वाक्य आहे की, "जुनी चर्चाही नव्या सभासदांना वाचावयास ठेवावी, म्हणजे तिचा लाभ होईल." याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. लिहिणाऱ्या एकेकीला विचारल्यावाचून ते दार उघडण्याचा अधिकार मला नाही आणि, क्षमा करा, कार्यकारिणीलाही नाही.

मग करावे काय? धडे, चित्रफिती, गाणी, कृतींचे कागद हे सगळे खुशाल खुले करावे. ज्ञान पेटीत ठेवण्याचे कारण नाही. चर्चेसाठी मात्र २५-२५ जणींचे गट असावेत, आणि प्रत्येक गटाला एक सांभाळणारी नेमलेली असावी. गट पाडण्याचे कामही शिकणाऱ्यांवर सोडू नये. २०१३ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या खुल्या अभ्यासक्रमात ४० हजारांहून अधिक लोकांनी नावे घातली होती. त्यांना एका सामायिक तक्त्यावर आपापली नावे लिहून गट करण्यास सांगितले. तक्त्यात एका वेळी मावतील त्याहून कितीतरी अधिक माणसे घुसली, एकाने लिहावे आणि दुसऱ्याच्या हातून पुसले जावे असा गोंधळ झाला, आणि आठवडाभरातच अभ्यासक्रम थांबवावा लागला. विषय कोणता होता म्हणाल, तर ऑनलाइन अभ्यासक्रम कसे चालवावेत, हाच!

आपल्याकडे ४० हजार येणार नाहीत. पण समजा ३०० आल्या, तर १२ गट होतील. १२ गटांना सांभाळणाऱ्या १२ जणी लागतील, रोज रात्री तासभर, निदान चार महिने. कोणी गप्प बसली तर तिला फोन करणाऱ्या, आणि आपले मत आवरणाऱ्या. आज माझ्यासह आपण चौघी आहोत. तेव्हा या वर्षी १०० जणींपुरतेच दार उघडावे, अशी दुरुस्ती मी मांडणार आहे. ज्यांना या कामाला यावेसे वाटते त्यांच्यासाठी तिळगुळाच्या डब्याशेजारी एक वही ठेवली आहे. नाव लिहिताना आपल्याला रात्रीची कोणती वेळ मोकळी असते तेही लिहावे, म्हणजे मला पुन्हा विचारावे लागणार नाही.