पावसाळ्यात पायाखालची फरशी

मंडणगड तालुक्यात बाणकोट-वेळासच्या किनाऱ्यापासून वरच्या वाड्यांपर्यंत घरातली सारवलेली जमीन जाऊन फरशी येते आहे. ती निवडताना दुकानातला उजेड विसरा, जुलै महिना आठवा. दमट हवा गार, गुळगुळीत फरशीला लागली की तिला पाणी सुटतं आणि घरातली म्हातारी माणसं घसरून पडतात. म्हणून पडवी, न्हाणीघर आणि पायऱ्यांना खरखरीत, मॅट फरशीच घ्या. पडवीला अंगणाकडे थोडा उतारही ठेवा.

विट्रिफाइड फरशी जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते; साधी सिरॅमिक त्याहून बरंच जास्त. शहाबादी आणि कोटा हे टिकाऊ दगड, पण दोन्ही चुनखडीचे. त्यांच्यावर कोकमाचं आगळ किंवा लिंबाचा रस सांडला की नुसता डाग पडत नाही, आम्ल दगडच खातं. संगमरवराचंही तेच. आपल्याकडे आगळ-सोलांचा व्याप घरोघरी, तेव्हा स्वयंपाकघरात विट्रिफाइड किंवा ग्रॅनाइट बरा. ॲसिडने फरशी धुणं तर टाळाच. खळं मात्र मातीचंच राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

जोत्याचा जांभा दगड ओल ओढतो, म्हणून फरशीखालचा पायाही बघा. जोत्यातला भराव नीट चोपून वर काँक्रीटचा थर दिला नाही, तर महागडी फरशीही खचते. काम झाल्यावर प्रत्येक फरशी लाकडी दांड्याने हलकेच वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर गवंडी घरात आहेत तोवर ती काढून पुन्हा बसवून घ्या.