फोन स्वस्त झाला, पण कोणासाठी?

(मालवण येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला, 'तंत्रज्ञान आणि आपण'. या विषयावर काहीही बोललं तरी चालतं, म्हणून मी तो लहान करून घेतलाय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मोबाइल ॲप बनवणं हा माझा रोजचा धंदा आहे. तेव्हा आज फक्त फोनबद्दल बोलतो. तो आपल्या हातात कसा आला, त्याची किंमत कशी ठरते आणि तो बनवताना बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असतं, एवढंच.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना केला होता. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत खर्च यायचा आणि गंमत म्हणजे आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. म्हणजे बोलायची हौस दुसऱ्याला आणि भुर्दंड आपल्याला. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. ज्याच्याकडे बोलायला पैसे नाहीत, तोही मग फोन बाळगू शकला. आणि मिस्ड कॉल सुरू झाला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. कुठल्या कंपनीनं ही सोय दिली नव्हती. दरपत्रकात एक फट होती, त्या फटीतून लोकांनी आपली भाषा काढली.

समुद्राकाठी फोननं काय केलं, याचा एक अभ्यास आहे. आपल्या किनाऱ्यावरचा नाही, खाली उत्तर केरळातला. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञानं कासरगोड, कन्नूर आणि कोझिकोड इथल्या मच्छीमारांचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. तिकडे १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्यानं टॉवर आले. त्याआधी होडी ज्या बंदरात लागेल तिथे मिळेल तो भाव घ्यायचा. एका बंदरात तारली इतकी यायची की गिऱ्हाईक न मिळाल्यानं फेकून द्यावी लागायची आणि थोड्याच मैलांवर लोक मासळी नाही म्हणून परत जायचे. टॉवर आल्यावर मच्छीमार पाण्यातूनच दोन-चार बंदरांत फोन करून भाव विचारायला लागले. फेकून देणं जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा झाला. इथे समोर बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात होडी आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं साध्या बोलण्याच्या फोननं झालं. ना कॅमेरा, ना इंटरनेट.

आता डिझाइनबद्दल. डिझाइन म्हटलं की लोकांना चकचकीत काच आणि पातळ कडा आठवतात. मला आठवतो २००३ सालचा नोकिया ११००. टोकाला टॉर्च, कारण संध्याकाळी दिवे जाणार हे गृहीत धरलेलं. बटणांवर एकसंध रबरी पापुद्रा, म्हणजे धूळ आत जाऊ नये. बाजूला खरखरीत पकड, घामाच्या हातातून निसटू नये म्हणून. जगभरात तो पंचवीस कोटींच्या वर खपला. आपल्याकडे आषाढात भिंतीला हात लावला तरी ओलं लागतं, तिथे तो फोन वर्षानुवर्षं टिकला. पुढे २००७ मध्ये नोकिया १२०० आला, त्यात एकाच फोनमध्ये पाच वेगळ्या फोनवह्या ठेवता यायच्या. का? कंपनीच्या माणसांनी वेगवेगळ्या देशांत फिरून पाहिलं होतं की गरीब घरात फोन एकाचा नसतो. तो नवऱ्याचा, बायकोचा, दिराचा आणि कधी शेजारणीचाही असतो. कोण किती मिनिटं बोललं हेही त्यात मोजता यायचं, म्हणजे भांडणं कमी. मी याला उत्तम डिझाइन म्हणतो.

हे उपकार नव्हते, हेही सांगून टाकतो. शहरातला श्रीमंत ग्राहक मिळवून झाला होता, पुढचा ग्राहक आपल्यासारखा होता आणि तो दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत होता. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा असा दर आणला. त्याआधी अकरा सेकंद बोललं तरी पूर्ण मिनिटाचे पैसे जायचे. काही महिन्यांत बाकीच्यांनाही तसेच दर आणावे लागले. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आला, कॉल फुकट आणि सुरुवातीचे काही महिने डेटाही फुकट. गावागावातली पोरं पुलावर, टेकाडावर, जिथे रेंज मिळेल तिथे बसलेली दिसायला लागली, ते दृश्य तुम्हाला आठवत असेल. डेटाची किंमत इतकी पडली की तो प्रश्नच संपला असं सगळ्यांना वाटलं.

कोकणातल्या आपल्या लोकांकडे मात्र याची दुसरी बाजूही आहे, कारण आपली अर्धी घरं आखातात कमावतात. आयएसडीच्या बूथमध्ये लाल आकड्यांचा मीटर पळताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना माहीत आहे की सलाम-दुआ होईपर्यंतच पैसे संपायचे. मग स्मार्टफोन आला. इकडे व्हॉट्सॲपवर कॉल फुकट, पण संयुक्त अरब अमिरातीत ते कॉल बंद. परवानगी असलेलं ॲप घ्यायचं आणि त्यासाठी दूरसंचार कंपनीला वेगळे पैसे भरायचे. तो पॅक आला तेव्हा महिन्याला पन्नास दिरहम होता. तिथे दूरसंचार कंपन्या दोनच, त्यामुळे आंतरराष्ट्रीय कॉलचं उत्पन्न बुडू द्यायची त्यांना गरज नव्हती. माझ्या नानीला वाचता येत नाही, पण 'इमो'चं चित्र ती झोपेतही ओळखेल, कारण मामूकडे कसंबसं तेच चालायचं. तिनं ते ॲप चांगलं म्हणून निवडलं नाही. शारजात कुठले रस्ते बंद आहेत यावरून मालवणातल्या म्हातारीच्या फोनवर काय असेल हे ठरलं. ज्या मजुराला घराची सर्वात जास्त आठवण येते, त्याच्याकडूनच बोलण्याचे सर्वात जास्त पैसे घेतले गेले. तो जाणार कुठे?

आपल्याकडेही ती 'जाणार कुठे'ची वेळ हळूहळू येते आहे. एके काळी महाराष्ट्रात डझनभर कंपन्या होत्या. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, बाकीच्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. आज खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४, तिन्ही वेळा एका कंपनीनं दर वाढवले की आठवडाभरात बाकीच्या दोघींनीही वाढवले. जुलै २०२४ मध्ये अठ्ठावीस दिवसांचा सर्वात स्वस्त पॅक एका कंपनीत १५५ वरून १८९ झाला, दुसरीत १७९ वरून १९९. तुम्ही म्हणाल, पस्तीस रुपयांनी काय होतं? शहरात दिवसाला दीड-दोन जीबी वापरणाऱ्याला खरंच काही होत नाही. जगाच्या तुलनेत त्याला डेटा अजून स्वस्तच पडतो.

होतं ते नानीला. तिच्याकडे कीपॅडचा फोन आहे. ती कोणाला फोन करत नाही, फक्त घेते. त्या पॅकमध्ये डेटा आहे, जो तिच्या फोनमध्ये वापरताच येत नाही. पूर्वी दहा रुपये टाकले की महिनोन्महिने फोन वाजत राहायचा. आता पॅक संपला की आधी जाणारे कॉल बंद आणि काही दिवसांनी येणारेही बंद. "फोन मेलो," म्हणून ती तो पिशवीत टाकून देते. आणि महिना म्हणजे अठ्ठावीस दिवस, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. हा एक आकडासुद्धा डिझाइनच आहे, फक्त तो ग्राहकासाठी केलेला नाही.

मी ज्या धंद्यात आहे तिथे हे कसं घडतं, ते सांगतो. कोणी खलनायक बसलेला नसतो. बैठकीत पडद्यावर एक आलेख असतो, प्रत्येक ग्राहकामागे महिन्याला किती उत्पन्न येतं याचा. तो वर गेला की सगळे खूश. नानीसारखा ग्राहक त्या आलेखाला खाली ओढतो. तिला काढून टाका असं कोणी म्हणत नाही. पण तिच्यासाठीचा पॅक कोणी बनवत नाही, तिच्या जुन्या फोनवर कोणी तपासून बघत नाही आणि ती गेली तर कोणाच्या लक्षात येत नाही. स्पर्धा चांगली असते, हे मी मान्य करतो, माझा पगारच तिच्यावर चालतो. पण स्पर्धा ज्या ग्राहकासाठी चाललेली असते, त्यालाच तिचा फायदा मिळतो. २००७ साली नानी हा पुढचा ग्राहक होती, म्हणून तिच्यासाठी पाच फोनवह्या बनल्या. आज ती मागचा ग्राहक आहे.

दुसरं उदाहरण मासळी बाजारातलं. पेमेंट आलं की बोलणारा तो डबा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सुरमई कापणाऱ्या बाईचे हात ओले, खवल्यांनी भरलेले, आजूबाजूला आरडाओरडा, तिनं फोन काढून मेसेज कसा बघायचा? शिवाय गिऱ्हाईक खोटा स्क्रीनशॉट दाखवून जायचं. डबा मराठीत मोठ्यानं रक्कम सांगतो, ती मान हलवते, पुढचं गिऱ्हाईक. वाचता येण्याची गरजच काढून टाकली. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे इतकी नेमकी वस्तू दुसरी बनलेली नाही. पण तिच्यामागचा हिशोबही बघा. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग कंपन्या कमावणार कशावर? डब्याच्या महिन्याच्या भाड्यावर, आणि विक्रीचा आकडा बघून देऊ केलेल्या कर्जावर. आज फोनपे आणि गुगल पे या दोघांकडेच यूपीआयचे पाचातले सुमारे चार व्यवहार आहेत. कोणा एकाचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम झाला आणि त्याची मुदत ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. डबा छान आहे. उद्या भाडं वाढलं तर त्या बाईला तिसरा कोण मिळेल, हा प्रश्न मात्र आज विचारायचा.

आणि जिथे ग्राहक कुठे जाऊच शकत नाही, तिथलं डिझाइन कसं असतं? लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा ओटीपी. नवरा वारला, वडीलही नाहीत? तलाक झालाय आणि तो फोन उचलत नाही? त्या पानावर अशा बाईसाठी जागाच नव्हती. ओरड झाली, मग अशा महिलांसाठी कागदपत्रांचा मार्ग काढला गेला आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. आपली चळवळ तलाकच्या प्रश्नावर किती वर्षं बोलते आहे. ज्या माणसापासून बाई कायद्यानं सुटली, त्याच्याच मोबाइलवरचे सहा आकडे तिच्या दीड हजार रुपयांना लागत होते. हे कोणी द्वेषानं केलं असं मला वाटत नाही. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी बाई होती, तिला नवरा होता किंवा बाप होता, आणि दोघांच्या फोनमध्ये रिचार्ज होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या बायका देशात सुमारे चोपन्न टक्केच होत्या. नानीचा फोन पिशवीत गेला, म्हणजे तिची बँक, रेशन आणि पेन्शनही त्याच पिशवीत गेली. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, या किनाऱ्यावर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा चार्जिंग कोणाच्या फोनमध्ये शिल्लक होतं? याच कीपॅडवाल्यांच्या.

थोडं कामाचं बोलून थांबतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला की प्रत्येक कंपनीनं डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक पॅक द्यायलाच हवा. पॅक आले. सुरुवातीला आले ते चौऱ्याऐंशी दिवसांचे किंवा जवळपास वर्षभराचे, म्हणजे निदान साडेचारशे-पाचशे रुपये एकदम काढा. ज्याच्याकडे रोजची मिळकत आहे, त्याला लहान पुडीच परवडते, हे शाम्पूवाल्यांना कधीच कळलं होतं. तरीही हिशोब केला तर ते पॅक स्वस्त पडतात, आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. दुसरं, महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा एक पॅक आणि तीस दिवसांचा एक पॅक ठेवणं २०२२ पासून बंधनकारक आहे. तोही विचारावा लागतो. तिसरं, पॅक कुठलाही असला तरी नंबर पोर्ट करण्याचा एसएमएस पाठवू दिलाच पाहिजे, असा ट्रायचा २०२१ चा आदेश आहे. आणि ट्राय नवे नियम करण्याआधी मसुदा जाहीर करून लोकांची मतं मागवते. कंपन्या वीस-वीस पानं लिहून पाठवतात. मालवणातून एक पानही जात नाही. ते मराठीत लिहून द्या, इंग्रजी करून पाठवायचं काम मी करतो.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरात कीपॅडचा फोन आहे, त्यांनी कंपनीचं नाव, शेवटचा रिचार्ज कितीचा आणि त्यातलं नेमकं काय वापरलं, एवढंच लिहा. नाव, नंबर लिहू नका. मी साडेपाचपर्यंत इथेच आहे.