धानावरचा तुडतुडा : वाढतो कसा, आटोक्यात राहतो कसा



दसरा जवळ आला, भारी धान गर्भात आला, की नागभीड-सिंदेवाहीपासून आरमोरी-चामोर्शीपर्यंत एकच तक्रार ऐकू येते. बांधीच्या मधोमध परातीएवढा गोल चट्टा पडतो, बघता बघता तो खळ्याएवढा होतो आणि धान भाजल्यासारखा वाळतो. ही तपकिरी तुडतुड्याची करणी. पण तो एका रात्रीत आला असं समजू नका. रोवणीनंतर थोड्याच दिवसांत दोन-चार जोड्या बांधीत उतरलेल्या असतात.

जरा हिशोब करू. एक मादी पानाच्या आवरणाच्या आत अंडी घालते. ती 200 धरा. साधारण 25 दिवसांत त्यांचे पुरे वाढलेले तुडतुडे होतात. निम्म्या माद्या धरल्या तर पुढच्या पिढीत 20 हजार आणि त्याच्या पुढच्या पिढीत 20 लाख! असं खरोखर झालं असतं तर आपल्या मुलखात धानाची एक लोंबी उरली नसती. उरते, कारण 200 पैकी 198 मरतात. दोघांच्या जागी दोघंच राहतात.

त्यांना मारतं कोण? बुंध्याशी धावणारा कोळी दिवसाला 5 ते 15 तुडतुडे खातो. हिरवा मिरीड ढेकूण तर अंडीच शोषून घेतो. दिसायला तो तुडतुड्यासारखाच, म्हणून बिचारा शत्रू समजून मारला जातो. शिवाय चतुर आणि बेडूक आहेतच.

आता 198 ऐवजी 190 मेले असं धरा. फरक फक्त आठांचा. पण 2 चे 10, 10 चे 50, 50 चे 250 होतात, तेही अडीच महिन्यांत. घाईची फवारणी नेमकं हेच करते. उघड्यावर फिरणारा कोळी आधी मरतो, पानाच्या आतली अंडी वाचतात. आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात, तेव्हा त्यांना खाणारा कोणी नसतो. मग आपण दुकानदाराशी भांडतो, की औषध बनावट होतं! इंडोनेशियात हाच अनुभव आल्यावर तिथल्या सरकारने 1986 साली धानावर 57 कीटकनाशकं वापरायला बंदी घातली.

फार गर्दी झाली आणि चूड वाळू लागला, की लांब पंखांचे तुडतुडे निपजतात आणि उडून जातात. म्हणजे त्या बांधीतली वाढ थांबते खरी, पण तुमचा धान गेल्यावर, आणि शेजाऱ्याच्या बांधीत नवी सुरुवात करून.

म्हणून रोवणी करतानाच दर 10 ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा. बुंध्याशी हवा-ऊन लागलं की तुडतुड्याला मानवत नाही. युरिया एकदम न देता हप्त्याने द्या. त्याने धान काळाभोर हिरवा दिसतो, पण तुडतुड्यालाही तोच रस आवडतो. तुडतुडे दिसू लागले तर तीन-चार दिवस बांधीतलं पाणी काढा. मात्र तलावाचं पाणी पुन्हा मिळण्याची खात्री नसेल, तर ऐन फुलोऱ्यात हा उपाय करू नका.

आठवड्यातून एकदा बांधीत आडवं-तिडवं फिरून 20 चूड वाकवून पाहा. चुडाला सरासरी 10 तुडतुडे होईपर्यंत फवारू नका. प्रत्येक चुडात एखादा कोळी असेल तर आणखी थोडं थांबा आणि चार दिवसांनी पुन्हा मोजा. फवारायचंच झालं तर शिफारस केलेलंच औषध घ्या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीचं नको, त्याने तुडतुडा उलट वाढतो. नोझल बुंध्याशी न्या. शेंड्यावर मारलेलं औषध तुडतुड्यापर्यंत पोहोचतच नाही.