काटा कोणाच्या हाती? : कॅनडातील धान्य-एलिव्हेटरचा इतिहास

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांत रेल्वेमार्गालगत उभे राहिलेले, धान्य साठवून वाघिणीत भरणारे उंच लाकडी धान्य-एलिव्हेटर त्या मुलखाची ओळख बनले. १९३०च्या दशकात त्यांची संख्या साडेपाच हजारांवर होती. त्यांच्याविषयी बोलताना बहुधा त्यांच्या बांधणीचे कौतुक होते. माझे प्रतिपादन वेगळे आहे. हा इतिहास मुळात काट्याचा आहे. पिकाचे वजन, प्रत आणि घट कोणी ठरवायची, हा त्यातला खरा झगडा आहे.

यंत्राची रचना सोपी होती. शेतकऱ्याची घोडागाडी आत येऊन काट्यावर उभी राही. गहू खालच्या खड्ड्यात पडे, पट्ट्याला जोडलेल्या डोलांतून माथ्यावर चढे, प्रतीनुसार निरनिराळ्या कप्प्यांत उतरे आणि पुढे नळीतून वाघिणीत जाई. पोती आणि हमाली दोन्ही वाचत. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला ही गती हवी होती. म्हणून जिथे पंचवीस हजार बुशेलचा एलिव्हेटर उभा राहिला, तिथे सपाट गोदामातून किंवा गाडीतून थेट वाघिणीत धान्य भरून घेणे तिने नाकारले. शेतकऱ्याला एकच दार उरले आणि भरलेली गाडी दूरच्या ठाण्यापर्यंत हाकणे घोड्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. दारावरचा एजंट म्हणेल ते वजन आणि म्हणेल ती प्रत. तक्रारी इतक्या वाढल्या की १८९९ मध्ये शाही चौकशी आयोग बसला आणि १९००च्या मॅनिटोबा धान्य कायद्याने थेट वाघीण भरण्याचा हक्क दिला. रेल्वेने तो डावलला, तेव्हा १९०१च्या अखेरीस इंडियन हेड येथे शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. १९०२ मध्ये याच कारणावरून सिंटालूटा येथील रेल्वेच्या स्थानक-एजंटावर खटला झाला. रेल्वे हरली आणि सर्वोच्च न्यायालयातही तोच निकाल टिकला.

कोणी म्हणेल, एलिव्हेटर बांधणाऱ्या कंपन्या नसत्या तर भांडवल कुठून आले असते? आक्षेप रास्त आहे. मॅनिटोबा सरकारने १९१० मध्ये स्वतः एलिव्हेटर विकत घेतले आणि दोनच वर्षांत तो व्यवहार सोडला. नुसती सरकारी मालकी उपयोगी पडली नाही. सस्कॅचेवानने १९११ मध्ये वेगळी वाट धरली. शेतकऱ्यांनी भागभांडवलाचे पंधरा टक्के भरायचे आणि उरलेले पंचाऐंशी टक्के सरकारने कर्जाऊ द्यायचे. ही सहकारी व्यवस्था टिकली, वाढली आणि १९२६ मध्ये शेतकऱ्यांच्याच ‘गहू-पूल’ या सहकारी संस्थेने ती विकत घेतली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पुढे या सहकारी संस्थांनीच आपले लाकडी एलिव्हेटर पाडले, मग मालकीने काय साधले? पाडण्यामागे वाहतुकीचे गणित होते. ट्रक आले, रेल्वेचे फाटे बंद पडले आणि १९९५ मध्ये धान्यवाहतुकीचे अनुदान संपले. इमारती गेल्या, पण संघर्षातून मिळालेला नियम राहिला. १९१२च्या कॅनडा धान्य कायद्यातून स्वतंत्र नियामक मंडळ आले. आजही एजंटाने ठरवलेली प्रत मान्य नसेल, तर शेतकऱ्याला नमुना निवाड्यासाठी पाठवता येतो.

मॅनिटोबातील इंग्लिस गावची एलिव्हेटरची रांग आज राष्ट्रीय वारसा म्हणून जपली आहे, हे योग्यच आहे. पण लाकूड जपून १९०२चा निकाल विसरला, तर वारसा अर्धाच राहील. जिथे माल एकाच दारातून बाजारात जातो, तिथे त्या दारावरचा काटा तपासण्याचा हक्क पिकवणाऱ्याकडे असलाच पाहिजे, आणि तो कोणाच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात लिहिलेला असला पाहिजे.