आपल्या मुलखाचे ज्ञान, आपल्याच दारी



नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, हे जुन्नर-आंबेगाव परिसरातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. सहल घाटात येते, जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण पाहते, लेण्याच्या भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांकडे बोट दाखवले जाते, छायाचित्रे निघतात आणि गाडी परत फिरते. त्या अक्षरांत लिहिले तरी काय आहे, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर बहुधा सारेच गप्प होतात. वास्तविक त्या लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नोंद आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची मोजदाद आहे, आणि ती मोजदाद अंकांत कोरलेली आहे. भारतीय अंकलेखनाचा प्राचीन इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकाला जुन्नरच्या या घाटाकडे यावेच लागते.

हे आपल्याला कोणी सांगितले? १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी येथे आला आणि त्याने अक्षरांची रेखाटने करून नेली. त्यातील अंकांचा उलगडा १८७६ च्या सुमारास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केला. हे भगवानलाल जुनागढचे. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, इंग्रजीही बेताचेच. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात त्यांनी डोंगरोडोंगरी हिंडून लेख उतरवून घेतले. त्यांचे संशोधन एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये छापले गेले, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे ते तेथेच राहिले. ज्या दगडावर तो लेख आहे, त्या दगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला तो निबंध वाचावयाचा असेल, तर मुंबईच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढाव्या लागत, नाही तर पुण्यात डेक्कन कॉलेज वा भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयाची परवानगी काढावी लागे. किती जणांनी ती काढली असेल, याचा अंदाज प्रत्येकाने मनाशी करावा.

आता ही परिस्थिती पालटली आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या नावाने आपला दुर्मीळ संग्रह संगणकावर आणला. जुन्या जर्नलांचे अनेक खंड इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात. 'जेस्टोर' या अमेरिकेतील संग्रहाने १८७० पूर्वीचे, आणि अमेरिकेत छापलेले असल्यास १९२३ पूर्वीचे, निबंध २०११ मध्ये सर्वांना खुले केले. त्याच्या पुढील काळातील निबंधही, केवळ नावनोंदणी केली असता, महिन्याला शंभरापर्यंत पडद्यावर वाचता येतात. डेक्कन कॉलेजचे बुलेटीनही तेथे आहे. म्हणजे जो प्रवास पूर्वी एस.टी.ने दिवसभराचा होता, तो आज घोडेगावच्या एखाद्या विद्यार्थ्याला घरबसल्या करता येतो.

तथापि, शोधण्याची विद्या नसेल तर साठा असून नसल्यासारखाच. सामान्य शोधयंत्रात 'जुन्नर लेणी' असे शब्द टाकले, की हॉटेलांच्या जाहिराती, सहलींची चित्रणे आणि एकमेकांवरून उतरवलेले मजकूर समोर येतात. संशोधनाचा डेटाबेस याहून निराळा. तेथे प्रत्येक निबंधाची लेखक, वर्ष, नियतकालिक आणि विषय यांसह नोंद असते. बहुतेक ठिकाणी निबंधाचा सारांश विनामूल्य दिसतो आणि शेवटी लेखकाने आधार घेतलेल्या लेखनाची यादी असते. एका चांगल्या निबंधाच्या त्या यादीवरून मागे मागे जात राहिले, की महिनाभराचा अभ्यास हाती लागतो. वास्तविक ही जुनीच पद्धत आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना. अशा कामाचे मोल सूची वापरणाऱ्यालाच कळते.

शोधताना स्थलनामांचे भान मात्र ठेवावे लागते. १६७५ मध्ये जुन्नरला येऊन गेलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने गावाचे नाव 'जेनेआ' असे लिहिले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदांत जुन्नरची चार-पाच तऱ्हेची वर्णांतरे भेटतात. आंबेगावची अडचण तर आणखी वेगळी. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आंबेगाव तालुका म्हणून शोधू जाल तर हाती काही लागणार नाही, कारण त्या वेळी तो खेडचा पेटा होता. आणि ज्या मूळ गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. आज त्या गावाचा शोध कागदांतच घ्यावा लागतो. हा तपशील येथील माणसालाच सुचू शकतो. परगावच्या संशोधकाला तो ठाऊक नसतो, आणि येथेच स्थानिक वाचकाचे बळ आहे.

परंतु हा विषय केवळ इतिहासाच्या आवडीचा असता, तर त्यासाठी एवढा आग्रह धरण्याचे कारण नव्हते. या दोन तालुक्यांत आज प्रत्येक घराला भिडलेला प्रश्न बिबट्याचा आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांचे प्राण गेले. संतप्त ग्रामस्थांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. उसाच्या फडाशेजारी ज्यांचे घर आहे, रात्री पाण्याची पाळी असताना ज्यांना मोटर सुरू करावयास जावे लागते, त्यांच्या संतापाला कोणी नावे ठेवू नयेत. बिबटे पकडा आणि दूर कोठेतरी नेऊन सोडा, ही मागणी त्या दुःखातून येते.

आता या मागणीच्या दुसऱ्या भागाकडे, नेऊन सोडण्याकडे, पाहू. तो प्रयोग येथे एकदा झालेला आहे. जुन्नर वन विभागात २००१ ते २००३ या काळात मानवी वस्तीच्या प्रदेशातून पकडलेले बिबटे सरासरी चाळीस किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. त्याचे फलित काय झाले, याचा अभ्यास विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्थलांतराची मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मोहिमेच्या काळात ते १७ वर गेले. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. अनोळखी प्रदेशात सोडलेले जनावर तेथे स्वस्थ बसत नाही, आणि बंदिवासाच्या ताणाने त्याचे वर्तन बिघडू शकते. हे अनुमान मुंबई-दिल्लीच्या वातानुकूलित दालनात बसून काढलेले नाही, ते आपल्याच शिवारातील नोंदींवर उभे आहे.

या निबंधाने सर्व प्रश्नांची उत्तरे दिली आहेत, असे नव्हे. पकडलेले बिबटे कायमचे बंदिस्त ठेवावेत काय, माणिकडोहसारख्या केंद्रात अशी किती जनावरे सामावतील, उसाचे क्षेत्र असेच राहिले तर पुढे काय, यांवर मतभेद आहेत आणि राहतील. पण ज्या ग्रामसभेत 'सोडा दुसरीकडे' असा ठराव मांडला जातो, तेथील एकाही माणसाने जुन्नरवरील हा अभ्यास वाचलेला नसावा, याला काय म्हणावे? दोष ग्रामसभेचा नव्हे. निबंध इंग्रजीत आहे आणि वर्गणीदारांच्या नियतकालिकात आहे. आपले दुःख हा अभ्यासाचा विषय झाला. अभ्यास मात्र परत आपल्या गावी आला नाही.

सर्वच संशोधन असे कुलुपात असते असेही नाही. याच लेखिकेचा शेजारच्या अकोले भागातील अभ्यास २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या खुल्या नियतकालिकात आला. शेतीच्या प्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे वावरतात, असे त्यात आढळले. तो कोणालाही, एक पैसा न देता वाचता येतो. आणि आपल्याच तालुक्यातील खोडदची दुर्बीण पाहा. तीस अवाढव्य तबकड्यांची ही महाकाय रेडिओ दुर्बीण कै. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. तेथील निरीक्षणांवर आधारलेले निबंध जगभरातील खगोलशास्त्रज्ञ 'अर्काइव्ह' या १९९१ पासून चालू असलेल्या खुल्या संग्रहात ठेवतात. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पुराव्याची घोषणा झाली, तिच्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता, आणि ते निबंध त्याच आठवड्यात नारायणगावच्या मुलालाही हार्वर्डच्या प्राध्यापकाइतकेच खुले होते. आकाशातील ताऱ्यांविषयीचे ज्ञान मोफत, आणि उंबरठ्यावरील बिबट्याविषयीचे विकत! यात कोणाचे कारस्थान नाही. एका विषयातील विद्वानांनी पस्तीस वर्षांपूर्वी एक चांगली सवय लावून घेतली, दुसऱ्या विषयांत ती उशिरा आली, इतकेच.

शासनाने या दिशेने मोठे पाऊल टाकले आहे, हे नमूद केले पाहिजे. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. वर उल्लेखिलेले बिबट्यावरील नियतकालिक ज्या प्रकाशकाचे, तोही त्यात आहे. लाभ मात्र केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये स्थानिक शिक्षण संस्थांनी उभी केलेली आहेत. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटचा 'एन-लिस्ट' हा उपक्रम आहे. आपल्या महाविद्यालयाला तो मिळतो काय, मिळत असल्यास विद्यार्थ्यांना त्याचा सांकेतिक शब्द दिला गेला आहे काय, हे पालकांनी ग्रंथपालांना विचारावे. ग्रंथपालांना राग येणार नाही, झालाच तर आनंद होईल, कारण हा प्रश्न त्यांना कोणी विचारतच नाही.

जो विद्यार्थी नाही, त्याचे काय? शेतकरी, शिक्षिका, वकील, निवृत्त तलाठी, घरातील कामे उरकून वाचणारी गृहिणी, यांना या वर्गणीच्या मांडवात प्रवेश नाही. त्यांच्यासाठी 'शोधगंगा' आहे. तेथे विद्यापीठांना सादर झालेले लाखो प्रबंध पूर्ण स्वरूपात वाचता येतात. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मराठीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आरंभिलेला विश्वकोश आहे, डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आहे, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. यांपैकी कशालाही पैसे पडत नाहीत. हल्ली प्रश्न विचारताच उत्तर देणारी यंत्रे हाती आली आहेत. त्यांच्याविषयी एवढेच, की ती कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचे नाव ठामपणे सांगतात. सांगितलेला निबंध डेटाबेसमध्ये सापडला, तरच तो खरा मानावा.

मराठी नियतकालिकांतील लेखन मात्र या जागतिक साठ्यांत अभावानेच सापडते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावी हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली काढली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापून लोकांपुढे ठेवली. जुन्नर-आंबेगावच्या जुन्या घरांतून आजही वतनाचे कागद, शेतसाऱ्याच्या पावत्या, बुडालेल्या गावांची छायाचित्रे असतील. ती स्वच्छ प्रकाशात टिपून, कोठली, कोणत्या सालची, कोणाकडून मिळाली एवढी नोंद जोडून ठेवणे, हे काम दोन महाविद्यालयीन मुले सुट्टीत करू शकतात. नोंद नसलेले छायाचित्र पन्नास वर्षांनी कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

१९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले. गावच्या ग्रंथालयात वृत्तपत्रे असतात, कादंबऱ्या असतात, स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात. तेथे एक संगणक, जोडणी आणि शोध घेण्याचे जुजबी शिक्षण घेतलेला एक तरुण, एवढीच भर घालावयाची आहे. बिबट्यावरील निबंधाचा पूर्ण मजकूर मिळाला नाही, तर लेखकाला नम्रपणे पत्र लिहावे. संशोधक बहुधा प्रत पाठवतात. त्याचा मराठी सारांश दोन पानांत बसतो. त्याची एक प्रत ग्रंथालयाच्या फलकावर लागावी, आणि दुसरी पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडण्यापूर्वी मोठ्याने वाचली जावी.