पाळक आणि दुःखी माणूस



ख्रिस्ती मंडळीच्या धर्मसेवकाला मराठींत 'पाळक' म्हणतात. हा शब्द पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. पण तो मूळचा मेंढपाळाचा शब्द आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. इंग्रजींतील 'पास्टर' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही मेंढपाळ असाच आहे. आमच्या अंबडकडे खरिपाचीं पिकें निघालीं म्हणजे धनगरांचे वाडे शिवारांत उतरतात. शेताला खत मिळावें म्हणून शेतकरी आपल्या रानांत मेंढरें बसवून घेतात आणि धनगराला धान्य किंवा पैसे देतात. संध्याकाळीं वाघूर लावून कळप आंत घेतला जातो. शाळा सुटल्यावर हा देखावा पाहत मी कित्येकदां बांधावर उभा राहिलों आहें. कळप चालतो तेव्हां एक मेंढका पुढें असतो आणि दुसरा सर्वांच्या मागें. लंगडणारें मेंढरूं आणि नुकतें जन्मलेलें कोंकरूं यांची काळजी त्या मागच्याकडे. कोंकरूं चालेनासें झालें म्हणजे तो त्याला उचलून घोंगडीच्या घडींत घालतो. त्याला उपदेश करीत बसत नाहीं.

दुःखांत, पेचांत किंवा पश्चात्तापांत सांपडलेल्या माणसाला पाळकानें आधार द्यावा, या चालीला पवित्र शास्त्रांत आधार कोणता, हा आजचा विषय आहे. आज ज्याला समुपदेशन म्हणतात तें शास्त्र अलीकडचें. परंतु त्याचीं मुळें शोधूं गेल्यास तीं फार मागें जातात.

जुन्या करारांत यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय पाहावा. इस्राएलाच्या पुढाऱ्यांना तेथें मेंढपाळ म्हटलें आहे आणि त्यांच्यावर आरोप ठेवले आहेत. दुर्बळाला त्यांनीं बळ दिलें नाहीं, दुखणाइताला बरें केलें नाहीं, मोडलेल्याला पट्टी बांधली नाहीं, भटकलेल्याला परत आणलें नाहीं, हरवलेल्याला शोधलें नाहीं. शाळेंत व्याकरण शिकवीत आलेल्या माणसाला येथें एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाहीं. या यादींत बोलण्याचें क्रियापद एकही नाहीं. सारीं क्रियापदें हाताचीं आणि पायांचीं आहेत.

आमच्या भागांत या अध्यायाचा अर्थ ज्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविला ते रेव्हरंड नारायण शेषाद्रि. १८४३ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतलेले हे ब्राह्मण गृहस्थ पुढें जालन्यास आले आणि त्यांनीं शहराजवळ बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. तेथें आलेल्यांत मांग समाजाचीं माणसें पुष्कळ होतीं. अशा माणसाला प्रवचन ऐकवून पुन्हां वेशीबाहेर उभें करावयाचें, तर तें पाळकाचें काम झालें नसतें. म्हणून वसाहतींत उपासनेबरोबर जमिनीची आणि पोटापाण्याचीही सोय पाहावी लागली. शेषाद्रि १८९१ सालीं वारले.

एलीयाची कथा याच धाटणीची आहे. हा मोठा संदेष्टा, पण एके दिवशीं जिवाला कंटाळून रानांतल्या एका झुडपाखालीं पडला आणि देवाजवळ मरण मागूं लागला. त्या वेळीं आलेला देवदूत त्याला भ्याड म्हणत नाहीं कीं धीर धर असेंही सांगत नाहीं. तो त्याला जागा करून भाकर आणि पाणी देतो, पुन्हां निजूं देतो आणि पुन्हां खाऊं घालतो. तूं येथें काय करतोस, हा प्रश्न त्याला विचारला जातो तो पुढें चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. थकलेल्या शरीराशीं तत्त्वज्ञान बोलूं नये, हें त्या जुन्या ग्रंथकाराला कळत होतें.

आतां ईयोबाची गोष्ट. त्याचीं मुलें गेलीं, संपत्ति गेली, अंगावर गळवें उठलीं. त्याचे तीन मित्र भेटीस आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसून राहिले. येथवर त्यांचें वर्तन निर्दोष आहे. मग ते बोलूं लागले. तुझ्या हातून कांहीं पाप झालें असलें पाहिजे, असा त्यांचा एकंदर सूर. ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, या सांत्वन करणारांवर.

या मित्रांना हंसण्याचा अधिकार मला नाहीं. पस्तीस वर्षें मास्तरकी करतांना एका मुलाच्या बाबतींत मींही तेंच केलें. त्याचे वडील वारले. दिवस झाल्यावर तो शाळेंत आला आणि सुटीच्या वेळीं माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. मीं त्याला बाजूला घेऊन अर्धा तास उपदेश केला. तूं आतां घरांतला कर्ता, रडूं नकोस, अभ्यास सोडूं नकोस, ईश्वराची इच्छा ओळख. मुलगा मान हालवीत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत दिसला नाहीं. तीन आठवड्यांनीं आठवड्याच्या बाजारांत तो पोतीं उचलतांना आढळला. शाळेंत कां येत नाहींस, असें विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, कापूस विकल्यावर फी भरली तर चालेल का, एवढंच मला त्या दिवशी विचारायचं होतं. तुम्ही बोलत होता, मग मी घरी गेलो." फीची सोय मी त्याच संध्याकाळीं करूं शकलों असतों, पण तोंवर त्याच्या आईनें त्याला कामाला लावलें होतें आणि तो परत आला नाहीं.

त्यानंतर मार्काच्या शुभवर्तमानांतील बार्तीमय आंधळ्याची गोष्ट मी निराळ्या नजरेनें वाचूं लागलों. रस्त्याच्या कडेला भीक मागणारा आंधळा हांका मारतो. त्याला काय हवें हें कोणीही सांगेल. तरीही प्रभु येशू त्याला विचारतो, मीं तुझ्यासाठीं काय करावें? लूकाच्या शेवटच्या अध्यायांतही तसेंच. अम्माऊसच्या वाटेनें दोन शिष्य खिन्न होऊन चालले आहेत. येशू त्यांच्याबरोबर चालूं लागतो आणि तुम्ही कशाविषयीं बोलत आहां, असें विचारून त्यांच्या तोंडून सर्व हकीकत काढून घेतो. शास्त्राचें विवरण तो मागून करतो.

योहानाच्या चौथ्या अध्यायांतील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा तर महाराष्ट्राच्या इतिहासांत शिरलेली आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमांत राहत होत्या. तेथून त्यांना कांहीं दिवस लंडनला पाठविलें गेलें आणि फुलहॅम येथें त्या भगिनींचें एक काम त्यांनीं पाहिलें. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या बायका मायेनें सांभाळीत होत्या. रमाबाईंना नवल वाटलें. हें तुम्ही कां करतां, असें त्यांनीं विचारलें. उत्तरादाखल एका भगिनीनें त्यांना ही विहिरीवरची कथा वाचून दाखविली. त्या कथेंत येशू प्रथम त्या बाईजवळ पाणी मागतो. जिच्या हातचें कोणी घेत नसे तिचा तो याचक होतो. तिच्या आयुष्यांतलें खरें तेंही तो बोलतो, पण तें मागाहून, आणि तिला खालीं पाहावयास न लावतां. पुढें १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या निवेदनांत रमाबाईंनीं हा प्रसंग आपल्या धर्मजीवनांतील वळण म्हणून सांगितला आहे. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं अशाच स्त्रियांकरितां कृपासदन काढलें आणि आंधळ्या मुलींच्या घराला त्या बार्तीमयाचें नांव दिलें.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीं पौल म्हणतो तें रमाबाईंना अक्षरशः लागू पडतें. त्याचें म्हणणें असें कीं आपल्या संकटांत देवानें आपलें जें सांत्वन केलें, त्याच सांत्वनानें दुसऱ्याचें सांत्वन करतां यावें. रमाबाईंचे आईबाप दुष्काळांत वणवण करीत गेले. भाऊ गेला, आणि १८८२ सालीं पतीही पटकीनें गेले. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून उपाशी मुली आणावयास ही बाई स्वतः निघाली, तेव्हां त्या मुलींची भूक तिला कोणी समजावून द्यावी लागली नाहीं. सांत्वन करणाराजवळ पदवी असावी कीं नसावी, याविषयीं मत देण्याचा मला अधिकार नाहीं. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. पण पौलानें अट घातली आहे ती पदवीची नव्हे.

पाळकानें आपल्या मर्यादाही ओळखाव्या. गलतीकरांच्या पत्रांत एकमेकांचीं ओझीं वाहा असें सांगून पौल लगेच म्हणतो कीं प्रत्येकानें आपला भार आपण वाहावा. वरवर हा विरोध दिसतो. पण मूळ ग्रीकमध्यें दोन ठिकाणीं दोन निराळे शब्द आहेत. एकट्याला न पेलणारें जड ओझें तें एक, आणि ज्याची त्याची शिदोरी ती दुसरी. दुसऱ्याची शिदोरीसुद्धां हिसकावून घेऊन त्याला पांगळा करणारे सज्जन मीं पाहिले आहेत. याकोबाच्या पत्रांत दुखणाइतानें मंडळीच्या वडिलांना बोलवावें असें आहे. म्हणजे बोलावण्याचा हक्क त्याचा. त्याच ठिकाणीं एकमेकांजवळ आपलीं पातकें कबूल करा असेंही सांगितलें आहे, आणि असा कबुलीजबाब ज्यानें ऐकला त्यानें तो स्वतःच्या बायकोलाही सांगूं नये, हें ओघानेंच आलें. प्रार्थनेबरोबर तेल लावण्यास सांगितलें आहे, आणि त्या काळीं तेल हें औषधही होतें. तेव्हां कोणाची झोंप महिनोन् महिने उडाली, कोणी जीव देण्याची भाषा बोलूं लागला, तर पाळकानें त्याच्याबरोबर उठून डॉक्टरकडे जावें. त्यांत श्रद्धेची कांहीं हानि नाहीं.

ईयोबाच्या ग्रंथाचा शेवटचा अध्याय वाचतांना सर्वांचें लक्ष त्याला दुप्पट मिळालेल्या गुरांढोरांकडे जातें. त्याच्या अलीकडे एक ओळ आहे. त्याचे भाऊ, बहिणी आणि जुने ओळखीचे लोक त्याच्या घरीं आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याच्या दुःखानें दुःखी झाले, आणि जातांना प्रत्येकानें त्याला एक नाणें व सोन्याची एक कडी दिली. त्यांनीं सांत्वन केलें असें तेथें म्हटलें आहे. ते काय बोलले तें लिहून ठेवलेलें नाहीं.