यंत्राची नजर आणि आपलं शिवार



फोटो पाहून त्यात काय आहे हे संगणकानं ओळखायचं, याला कॉम्प्युटर व्हिजन म्हणतात. हा विषय पुण्या-मुंबईचा, असं कुणाला वाटेल. मी तो इथे इस्लापुरात, कपाशीच्या धुऱ्यावरून मांडणार आहे.

2017 चा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली. त्याच वर्षी पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी उशिरा झाली तर पीक जातं, विनाकारण झाली तर पैसा जातो, कधी जीवही. म्हणून या अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावायचे. सापळ्यामागे सरासरी आठ पतंग सलग तीन रात्री सापडले, की फवारणीची वेळ आली, असा शास्त्रज्ञांचा निकष आहे.

पतंगांची ही मोजदाद फोनकडून करून घेणारं अ‍ॅप मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ या संस्थेनं तयार केलं. सापळ्यातले पतंग कागदावर ओतायचे, फोटो काढायचा. अ‍ॅप मोजतं आणि सल्ला देतं.

पण शिवारात रेंज कुठून आणायची? मॉडेल, म्हणजे फोटो ओळखणारा प्रोग्राम, फोनमध्येच मावलं पाहिजे. 2012 साली गाजलेल्या ‘अ‍ॅलेक्सनेट’ मॉडेलमध्ये सुमारे सहा कोटी आकडे साठवलेले होते. 2017 मध्ये गुगलच्या ‘मोबाइलनेट’नं सुमारे 42 लाख आकड्यांत त्याहून चांगली ओळख साधली. प्रत्येक आकडा 32 बिटांऐवजी आठ बिटांत लिहिला, तर आकार आणखी चौपट कमी होतो. कापसाच्या अ‍ॅपमधलं मॉडेलही असंच आटवून इंटरनेटशिवाय चालेल असं केलं गेलं. कार्यक्षमता म्हणतात ती ही, आणि आपल्यासारख्या भागात ती चैन नाही, पहिली अट आहे.

खरी मेख पुढे आहे. मॉडेल आटवताना काय गळतं? गुगलमधल्या सारा हूकर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हेच तपासलं. मॉडेल बरंच छाटलं तरी एकूण अचूकता जवळजवळ तेवढीच राहिली. मात्र जी काही घट झाली, ती ठरावीक फोटोंवरच पडली. जे दुर्मीळ, वेगळे, अस्पष्ट, तेच आधी चुकले. सरासरीला धक्का नाही, आणि नुकसान मात्र कडेला उभ्या असलेल्यांचं.

आता कडेला कोण उभं आहे ते पाहा. पावसात भिजलेला कागद, खवले झडलेले पतंग, जुन्या फोनचा ओरखडलेला कॅमेरा. माणसांच्या चेहऱ्यांचंही तेच. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली.

दुसरा धोका असा, की यंत्र आपणहून ‘मला कळत नाही’ म्हणत नाही. चपलेचा फोटो दिला तरी त्यात ते पतंग शोधू लागेल. म्हणून सापळ्याचा नसलेला फोटो नाकारण्याची सोय मुद्दाम करावी लागते; कापसाच्या अ‍ॅपमध्ये ती केली गेली. मुद्दाम फसवणाऱ्यांचं तर विचारूच नका. 2018 मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘थांबा’च्या पाटीवर काही पट्ट्या चिकटवल्या, आणि यंत्रानं ती वेगमर्यादेची पाटी म्हणून वाचली.

कार्यक्षमता आणि सुरक्षितता ही दोन वेगळी खाती नाहीत, एवढंच मला सांगायचं आहे. मॉडेल लहान केल्याशिवाय ते आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, आणि लहान केल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर विसंबता येणार नाही. उद्या पिकाचं, गुरांच्या आजाराचं किंवा गावातल्या कॅमेऱ्यांचं असं यंत्र घेऊन कुणी ग्रामसभेत आलं, तर त्यांना तीन प्रश्न विचारा. आटवल्यानंतरची चाचणी कुणाच्या शिवारात, कोणत्या फोनवर घेतली? खात्री नसेल तेव्हा हे यंत्र तसं सांगतं का? आणि ते चुकलं तर भरपाई कोण देणार? तिन्ही उत्तरं लेखी घ्या, मगच ठरावावर सही करा.